त्याची आई कुठे गेली?

जखमी, अनाथ वन्यप्राण्यांची देखभाल होते अशा ठिकाणी मुलांना न्यायचं ठरलं की आपली तयारी ठरलेली. टोपी, पाण्याची बाटली, डबा, मोबाइल पूर्ण चार्ज. मुलांना बिबट्या बघायला मिळेल, चार नवीन गोष्टी कळतील, शाळेच्या प्रकल्पालाही उपयोग होईल, असा आपला हिशेब. आणि तिथल्या दादांनी एखाद्या पिल्लाची हकीकत सांगितली, की पाच-सहा वर्षांचं पोर सगळं सोडून एवढंच विचारतं, ‘त्याची आई कुठे गेली?’

आपण सगळेच इथे गडबडतो. ‘असेल कुठेतरी, चल, तिकडे कासव आहे,’ म्हणून हात धरून पुढे ओढतो. बारामतीला परत पोहोचायचं असतं, सकाळचे डबे डोळ्यांसमोर असतात. त्यात घाई असते, पण थोडी भीतीही असते. आई मेली म्हणून सांगितलं आणि पोर रात्री दचकून उठलं तर?

पण माझं ऐकाल, तर या प्रश्नापाशी जरा थांबा. पोर तेव्हा नुसतं पिल्लाबद्दल विचारत नसतं. स्कूलबसला उशीर झाला की गेटपाशी उभं राहून ते जे मनात धरतं, तेच इथे पिल्लाच्या निमित्ताने बाहेर येतं.

आणि आपल्या भागात या प्रश्नाचं फार चांगलं, खरंखुरं उत्तर आहे. बारामती-इंदापूरच्या मुलांना उसाचा फड काय ते सांगावं लागत नाही. ऊसतोड सुरू झाली की कुठल्या तरी फडात पाचटाखाली पिल्लं सापडतात. बहुतेकदा रानमांजराची असतात, पण गावात बातमी पसरते बिबट्याची. बिबट्याच्या पिल्लाच्या अंगावर ठिपके असतात. रानमांजराच्या पिल्लाच्या अंगावर फार तर फिकट पट्टे. लोक कळवळून पिल्लं उचलतात, दूध पाजतात, घरी नेतात. आई टाकून गेली, असंच सगळ्यांना वाटतं.

बहुतेकदा आई टाकून गेलेली नसते. ती भक्ष्य शोधायला गेलेली असते, नाहीतर माणसांचा गलका ऐकून शेजारच्या रानात दबा धरून बसलेली असते. जुन्नर भागात वनविभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस, पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट, ही मंडळी अशा वेळी काय करतात, ते मुलांना सावकाश सांगण्यासारखं आहे. आधी पिल्लांची तपासणी होते. धडधाकट असतील तर दिवस मावळायच्या सुमाराला ती क्रेटमध्ये घालून सापडली होती त्याच जागी ठेवतात. तोड थांबवायला सांगतात. बाजूला ट्रॅप कॅमेरा लावतात आणि सगळी माणसं लांब जातात. अंधार पडल्यावर आई येते, वास घेते, एकेकाला मानेला तोंडात धरून घेऊन जाते. एका रात्री आली नाही, तर दुसऱ्या रात्री पुन्हा वाट बघतात.

परतताना गाडीत हे ऐकताना माझ्या धाकटीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ‘तिला कसं कळतं पिल्लं कुठे आहेत ते?’ वासाने, आवाजाने, मी म्हटलं. जरा वेळाने, खिडकीबाहेर बघत, ‘आणि तिला उशीर झाला तर?’ गाडीत कुणीच काही बोललं नाही. मग तिच्या बाबांनी सांगितलं की उशीर झाला तरी ती शोधत येतेच, आणि तोवर क्रेटवर लांबून लक्ष ठेवायला माणसं असतात. तिचं समाधान झालं. आमच्या नोकऱ्या, पाळणाघर, ‘आज मला न्यायला कोण येणार’ या सगळ्याबद्दल आम्ही एरवी तिला पुष्कळ समजावतो. त्यापेक्षा हे तिला जास्त पटलं, असं मला वाटतं.

आता दुसरी गोष्ट, जी आपल्याला जास्त जड जाते. अशा ठिकाणी बऱ्याचदा काही दिसतच नाही. बावधनचं उपचार केंद्र असो की जुन्नरजवळचं माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र, ही प्राणिसंग्रहालयं नव्हेत. बरे होत असलेल्या प्राण्यांना माणसांच्या नजरेपासून जपायचं असतं. पिंजऱ्यांना हिरवी जाळी, कापडाचे आडोसे, सांभाळणाऱ्यांचं बोलणं कमीत कमी. पिल्लू माणसाला सरावलं तर पुढे ते माणसाजवळच यायला बघणार, आणि मग त्याला रानात सोडता येत नाही. म्हणून जायच्या आधी फोन करून विचारावं, भेट देता येते का, मुलांसाठी माहितीचा कार्यक्रम असतो का. आणि निघताना घरीच सांगून टाकावं, ‘आपल्याला प्राणी दिसणार नाहीत कदाचित.’

एकुलता एक रविवार, पेट्रोल, रस्त्यावरची गर्दी, आणि समोर हिरवी जाळी. आपला चेहरा पडतो आणि मुलं तो लगेच वाचतात. मग ती हट्ट करतात, आपण रागावतो. त्याऐवजी, ‘त्याला आजारपणात कुणी नकोय. तुला ताप आला होता, तेव्हा पाहुणे आले तर तुला आवडलं होतं का?’ एवढं विचारून बघा. मुलांना हे पटकन कळतं.

दिसायलाच हवं असेल, तर त्यासाठी लांब जायलाही नको. इंदापूरचं कडबनवाडी आणि बारामतीचं शिर्सुफळ इथल्या गवताळ रानात वनविभागाने सफारी सुरू केली आहे, गावातली मुलं वाटाडे म्हणून असतात. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली जाहीर झालेलं, जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं. चिंकारा, खोकड, आणि नशीब असेल तर लांडगा किंवा तरस. ‘नुसतं माळरान आहे, काय बघायचं’ असं आपण इतकी वर्षं म्हणत आलो, की मुलांनाही तसंच वाटायला लागलंय. भर उन्हात गवताच्या रंगात मिसळून गेलेला चिंकारा मोठ्यांच्या आधी मुलांनाच दिसतो, हा अनुभव अनेक आईबाबा सांगतात. आणि लांडग्याची गोष्ट त्यांना जरूर सांगा. त्याची पिल्लं एकटी आईच वाढवत नाही. बाप आणि कळपातली मोठी भावंडंही खाऊन आलेलं पोटातून काढून पिल्लांना भरवतात. गोष्टीतला दुष्ट लांडगा मग आपोआप मागे पडतो.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र ‘ते मेलं का?’ हाच. काही प्राणी वाचत नाहीत, हे लपवू नये असं माझं मत आहे. चिंकारा तर इतका भित्रा जीव, की कुत्र्यांच्या तावडीतून सोडवून आणला तरी नुसत्या धक्क्याने जाऊ शकतो. म्हणून त्याला हाताळताना डोळ्यांवर कापड टाकतात, गोंगाट करत नाहीत. ‘डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण ते वाचलं नाही,’ असं सरळ सांगावं. पोर रडेल. रडू द्यावं, जवळ घ्यावं, घाईघाईने आइस्क्रीमकडे वळवू नये. सहलीत रडलं म्हणून सहल फसली असं नसतं.

घरी आल्यावर दोन-चार दिवस मुलांचा उत्साह टिकून असतो. तेवढ्यात त्यांच्या हाती काहीतरी द्यावं. जखमी प्राणी दिसला तर हात लावायचा नाही, १९२६ ला फोन करायचा, हा नंबर फ्रिजवर त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या. शेजारी पिंजऱ्यात देशी पोपट असेल तर तो पाळणं कायद्याने गुन्हा आहे, हे मुलं जाऊन सांगतील. तेव्हा आपण त्यांना गप्प करू नये, एवढंच.

आणि सुट्टीत आजोळी गेलात, तर आजोबांबरोबर शेततळं बघायला न्या. आत प्लास्टिकचा कागद असतो. उन्हाळ्यात पाण्याला आलेलं खोकड नाहीतर चिंकारा त्यावरून घसरतो, आणि वर यायला पायाला काही लागतच नाही. काठावरून पाण्यात जाईल असा जाड दोराचा जाळीदार पट्टा किंवा जुने टायर बांधून सोडले तर त्याला चढून येता येतं. टायर गोळा करणं, दोर निवडणं, आजोबांना पटवणं ही कामं मुलांना द्या. बांधायचं काम मोठ्यांनीच करावं, आणि तोवर मुलांचा हात कुणाच्या तरी हातात असू द्यावा. ज्या कागदावरून खोकड वर येऊ शकत नाही, त्यावरून आपलं पोरही वर येऊ शकणार नाही.