संशोधन कोणाचे, कोणासाठी?

गावात पाहणीसाठी पाहुणे येतात, प्रश्न विचारतात, वह्या भरतात आणि निघून जातात. त्या वह्यांचे पुढे काय झाले, हे गावास क्वचितच कळते. न्यूझीलंडमधील माओरी समाजाने हा अनुभव दीर्घकाळ घेतला. त्यांनी शोधलेला मार्ग म्हणूनच अभ्यसनीय आहे.

१८४० च्या वायटांगी करारानंतर माओरींच्या हातून बहुतांश जमीन गेली, शाळांतून त्यांची भाषाही मागे पडली. त्यांच्याविषयीचे ग्रंथ मात्र बाहेरचे लोक लिहीत राहिले. माओरींची गोंदलेली मस्तकेसुद्धा युरोपातील संग्रहालयांत पोहोचली. ती परत आणण्याचे कार्य वेलिंग्टनचे ‘ते पापा’ संग्रहालय २००३ पासून शासनाच्या वतीने करीत आहे.

परिवर्तनाचा आरंभ शिक्षणापासून झाला. १९८२ मध्ये वडीलधाऱ्यांनी बालकांशी केवळ माओरीत बोलावयाचे, अशा ‘कोहांगा रेओ’ बालवाड्या निघाल्या. १९८५ मध्ये वायटांगी न्यायाधिकरणास १८४० पासूनच्या तक्रारी तपासण्याचा अधिकार मिळाला. जमातींना आपला इतिहास स्वतःच शोधून मांडणे अगत्याचे झाले आणि वृद्धांच्या मुखातील स्मृतींना पुराव्याचे स्थान लाभले.

याच चळवळीतून ‘कौपापा माओरी’ ही संशोधनदृष्टी आकारास आली. माओरी विदुषी लिंडा तुहिवाई स्मिथ यांच्या १९९९ मधील ग्रंथाने हा विचार जगभर पोहोचविला. अभ्यास कोणी ठरविला, त्याचा लाभ कोणास आणि निष्कर्षांवर हक्क कोणाचा, हे प्रश्न आधी विचारावेत, असे ही दृष्टी सांगते. समाजातीलच संशोधकाची जबाबदारी अधिक कठीण असते. कारण त्यास आपल्या लेखणीच्या परिणामांसह त्याच माणसांत राहावयाचे असते.

आपल्याकडेही याचे प्रत्यंतर आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा येथे गोंड ग्रामस्थ अभ्यासगटात बसून आपल्या जंगलाचा व कायद्याचा अभ्यास करीत आले. २००९ मध्ये या गावास सामूहिक वनहक्क मिळाले, त्यामागे या अभ्यासाचे बळ होते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने लोक जैवविविधता नोंदवहीची तरतूद केली आहे. ती कार्यालयात भरली तर कागद ठरेल, ग्रामस्थांनी भरली तर गावाचे धन होईल.

म्हणून अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्यांनी एवढे तरी पाहावे: पाहणीपूर्वी ग्रामसभेची संमती घ्यावी, गावातील शिकलेल्या तरुणांना सोबत घ्यावे आणि अहवाल गावाच्या बोलीत ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा. ज्यांची माहिती, त्यांचा तिच्यावर पहिला अधिकार होय.