फोन बदलण्याआधी वकिलाला विचारा

पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात वकिली करणाऱ्या कोणालाही विचारा. पूर्वी अशील कागदांची पिशवी घेऊन यायचा, आता फोन पुढे करतो. उसनवारी असो, भाडेकरार असो, नवराबायकोचं भांडण असो, पहिल्या पाच मिनिटांत तो म्हणतोच, “मॅडम, सगळं व्हॉट्सॲपवर आहे.” हे ऐकून मला आता धीर येत नाही, काळजी वाटते. का वाटते ते सांगण्यासाठी एका दाव्याची हकीकत लिहिते आहे. अशिलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

नांदेड फाट्याजवळ फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप असलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. एका ठेकेदाराला त्यांनी जिने, ग्रिल, गेट करून दिले होते. मूळ कामाची बिलं होती, चलनं होती. पण जास्तीचं काम सगळं चॅटवर ठरलेलं. मापं चॅटवर, दर चॅटवर, “माल पोचला, बिल पाठवा” हेही चॅटवर. पैसे मागितल्यावर ठेकेदाराने जास्तीचं काम सांगितलंच नव्हतं, अशी भूमिका घेतली. गृहस्थांनी रंगीत छापील स्क्रीनशॉटचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. मी विचारलं, “फोन कुठे आहे?” दिवाळीच्या ऑफरमध्ये जुना फोन दुकानात देऊन नवा घेतला होता. चॅट नव्या फोनवर आलंच नव्हतं. स्क्रीनशॉट त्याआधी पुतण्याला पाठवले होते, म्हणून तेवढे वाचले, आणि पुतण्याच्याच फोनवरून झेरॉक्सवाल्याकडे छापले गेले.

ते कागद नीट पाहिले तेव्हा आणखी गोष्टी दिसल्या. वर ठेकेदाराचा नंबर नव्हता, अशिलाने सेव्ह केलेलं नाव होतं. नाव तर कोणीही कोणत्याही नंबराला देऊ शकतो. बऱ्याच पानांवर तारखेच्या जागी नुसतं ‘काल’ किंवा ‘आज’ असं होतं, कारण स्क्रीनशॉट त्याच किंवा दुसऱ्या दिवशी काढलेला होता. मधले काही संदेश वगळलेले होते, कारण ते अशिलाला बिनकामाचे वाटले होते.

दावा पुराव्याचा नवा कायदा येण्याआधीचा, म्हणून जुन्या भारतीय पुरावा अधिनियमातलं कलम 65-ब लागू होतं. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायला त्या कलमाखालचं प्रमाणपत्र हवं होतं. “माझ्याच फोनवरून छापलं असं लिहून टाकू ना मॅडम, फोन माझाच होता,” असं अशील अगदी सरळ मनाने म्हणाले. मी नकार दिला. शपथेवर खोटं लिहायचं नाही हा एक भाग झाला. शिवाय उलटतपासात तिसऱ्याच प्रश्नाला पुतण्याचा फोन बाहेर आला असता आणि मग खऱ्या चलनांवरचाही विश्वास उडाला असता. जे खरं होतं तेच मांडलं. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली आणि स्क्रीनशॉटवर निशाणी पडली नाही, म्हणजे ते पुराव्यात धरले गेले नाहीत. बिलं, चलनं आणि बँकेचा प्रमाणित उतारा यांच्या जोरावर मूळ कामाची बाजू टिकली. जास्तीच्या कामाचा मोबदला शेवटी तडजोडीत, मागणीपेक्षा पुष्कळ कमी मिळाला. त्या माणसाने काम केलं होतं, यात मला आजही शंका नाही.

या विषयावरचा देशातला सर्वांत महत्त्वाचा निवाडा आपल्या जालन्याचा आहे, हे अनेक तरुण वकिलांना ठाऊक नसतं. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा 296 मतांनी पराभव केला. खोतकरांचे उमेदवारीचे कागद 27 सप्टेंबरला दुपारी तीनची मुदत उलटून गेल्यावर दाखल झाले, असा गोरंट्याल यांचा आक्षेप होता. पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण. त्याच्या सीडी मिळाल्या, पण वारंवार मागूनही प्रमाणपत्र मिळेना. औरंगाबाद खंडपीठाने 24 नोव्हेंबर 2017 ला निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 14 जुलै 2020 ला न्यायमूर्ती नरिमन, रवींद्र भट आणि रामसुब्रमणियन यांच्या पीठाने निर्णय दिला.

त्या निकालातल्या तीन गोष्टी मी माझ्या ज्युनिअर्सना पहिल्या आठवड्यातच सांगते. प्रत सादर करायची असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे; 2018 च्या शफी मोहम्मद निवाड्याने दिलेली सैल वाट त्या दिवशी बंद झाली. मूळ यंत्रच कोर्टात आणलं आणि त्याच्या मालकाने पिंजऱ्यात उभं राहून ते आपलं असल्याचं सिद्ध केलं, तर प्रमाणपत्राची गरज उरत नाही. आणि यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात असून तो प्रमाणपत्र देत नसेल, तर कोर्टाकडे अर्ज करून ते मागवता येतं. गोरंट्याल यांनी शक्य ते सगळं केलं होतं. जे त्यांच्या हातातच नव्हतं त्याची सक्ती कायदा करत नाही, असं न्यायालय म्हणालं आणि खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं. मला यात सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांचा पाठपुरावा. पत्रं, अर्ज, पुन्हा अर्ज हे सगळं नोंदीवर होतं म्हणून ती सवलत मिळाली. नुसतं तोंडी मागून गप्प बसले असते तर मिळाली नसती.

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि 65-ब ची जागा कलम 63 ने घेतली. मात्र कलम 170 प्रमाणे त्या तारखेला प्रलंबित असलेली प्रकरणं जुन्या कायद्यानेच चालतात. त्यामुळे एकाच कोर्टात, एकाच सकाळी, एका दाव्यात 65-ब आणि पुढच्यात 63 अशी स्थिती आहे. संगणकात ठेवलेला जुना नमुना तारखा बदलून वापरण्याचा मोह इथेच धोक्याचा ठरतो. नव्या प्रमाणपत्राला परिशिष्टात ठरवून दिलेला नमुना आहे. भाग अ पक्षकाराने, म्हणजे यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा. भाग ब तज्ज्ञाने. भाग अ मध्ये यंत्राची कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय हे सगळं विचारलेलं आहे. दुकानात देऊन टाकलेल्या फोनचे हे तपशील आणायचे कुठून? आणि दोन्ही भागांत हॅश मूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे त्या फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी तो बदलतो.

म्हणून आता माझ्या ऑफिसात पहिल्या भेटीत वकीलपत्राइतकंच महत्त्व फोनला असतं. अशिलाला सांगते: हा फोन विकायचा नाही, एक्स्चेंजमध्ये द्यायचा नाही, फॉरमॅट करायचा नाही. नवा हवा तर घ्या, जुना कपाटात ठेवा आणि अधूनमधून चार्ज करा. आपोआप पुसले जाणारे संदेश सुरू असतील तर ती सोय आत्ता, माझ्यासमोर बंद करा. फोनच्या खोक्यावरचा आयएमईआय आणि खरेदीचं बिल यांचे फोटो फाइलला लावून घेते. स्क्रीनशॉट काढायचेच असतील तर समोरच्याचा नंबर दिसेल असे, आणि पूर्ण तारीख येण्यासाठी काही दिवस उलटल्यावर. मधला एकही संदेश गाळायचा नाही, आपल्याला गैरसोयीचा असला तरी. चॅट एक्स्पोर्ट करून मिळणारी मजकुराची फाइल कामाची असते, पण ती कोणीही बदलू शकतो, म्हणून मूळ फोनशिवाय तिच्यावर विसंबत नाही.

ध्वनिमुद्रण किंवा व्हिडिओ असेल तर अशिलाला तो मला व्हॉट्सॲपवर पाठवू देत नाही. फोटो आणि व्हिडिओ तिथून नेहमीसारखे पाठवले की दाबून लहान होतात, मग हॅश जुळणार कसा? केबलने संगणकावर घ्यायचं, त्याच बैठकीत एसएचए-256 पद्धतीने हॅश काढायचा (विंडोजमध्ये सर्टयुटिल ही आज्ञा त्यासाठी आधीपासूनच असते), तो कागदावर लिहून अशिलाची सही घ्यायची. अर्ध्या तासाचं काम आहे. साक्षीपुराव्याच्या टप्प्यावर, काही वर्षांनी, हा अर्धा तास विकत मिळत नाही.

सीसीटीव्हीच्या बाबतीत तर घाईच करावी लागते. सोसायटीच्या किंवा दुकानाच्या डीव्हीआरवर नवं चित्रीकरण जुन्यावर चढत जातं आणि काही आठवड्यांत मूळ नाहीसं होतं. सोसायटीच्या सचिवांना पहिल्याच दिवशी लेखी पत्र द्या, तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची जागा नमूद करून पोच घ्या. नाही म्हणाले तर लगेच कोर्टात अर्ज. फौजदारी काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता पोलिसांवर बंधनकारक आहे. त्या चित्रीकरणाची प्रत मागा, हॅश मागा. आरोपीला अशी सामग्री मिळण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये केरळच्या गोपालकृष्णन प्रकरणात मान्य केलेला आहे.

कौटुंबिक न्यायालयाचं थोडं वेगळं आहे. 1984 च्या कायद्याचं कलम 14 तिथल्या न्यायाधीशांना पुराव्याबाबत मोकळीक देतं, आणि जोडीदाराचं चोरून केलेलं ध्वनिमुद्रण विचारात घेता येतं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये विभोर गर्ग प्रकरणात दिला. त्यानंतर घरात रेकॉर्डर लावून ठेवण्याचा सल्ला उघडपणे दिला जाताना मी ऐकला आहे. तो देऊ नये असं मला मनापासून वाटतं. निवाड्याने पुरावा स्वीकारण्याची वाट मोकळी केली आहे. मुलांसमोर रोज फोन लपवून संसार करा, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

अशिलाला ‘मूळ कुठे आहे’ असं विचारणाऱ्या वकिलाने हाच प्रश्न स्वतःच्या टेबलावरच्या निवाड्यांनाही विचारला पाहिजे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी रचलेले, कधीच न दिलेले निवाडे कोर्टात पोचू लागले आहेत. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली अशा प्रकारात वकिलांना 5,000 डॉलरचा दंड झाला. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक आयकर आकारणी आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. म्हणजे चूक सरकारी टेबलावरही होऊ शकते. विरुद्ध बाजूने किंवा आदेशात दिलेला प्रत्येक संदर्भ उघडून पाहा. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ई-एससीआरवर मोफत मिळतात. ज्युनिअरने आणलेला उतारा त्याच्या मूळ परिच्छेदासह वाचल्याशिवाय लेखी युक्तिवादात घालू नका.

राहिला कलम 63 च्या प्रमाणपत्राचा भाग ब. सही करणारा तज्ज्ञ म्हणजे केवळ माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली अधिसूचित परीक्षक, की संगणकाचं रीतसर ज्ञान असलेली कोणतीही व्यक्ती, यावर वकिलांमध्ये मतभेद आहेत. कायद्याने हे स्पष्ट करायला हवं होतं. मोठ्या कंपनीला खासगी तज्ज्ञाची फी जड जात नाही. घरकाम करणाऱ्या बाईला पोटगीच्या अर्जात चार चॅट सिद्ध करायचे असतील तर ती फी तिच्या महिन्याच्या पगारावर घाला घालते. अशा अशिलासाठी मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे तज्ज्ञाच्या खर्चासाठी लेखी अर्ज करते आणि त्याची पोच कोर्टाच्या फाइलला जोडते. मग मूळ फोन घेऊन तिलाच साक्षीला उभी करते. भाग ब मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर फोन तिच्या हातात असतो आणि खोतकर निवाड्यातला मूळ यंत्राबद्दलचा परिच्छेद माझ्या हातात.