कारवानी पिल्लू घरी आणताना

सोलापूर



शहरातील घरात कारवानी पिल्लू वाढवण्याचे ठरवणाऱ्याने प्रथम त्या जातीची घडण समजून घ्यावी. मुधोळ हाउंड या नावानेही ओळखला जाणारा आणि २००५ साली भारतीय टपाल खात्याने ज्याचे चित्र तिकिटावर छापले तो हा दख्खनचा कुत्रा नजरेचा शिकारी आहे, म्हणजे वास काढत जाण्यापेक्षा हलणारे भक्ष्य डोळ्यांनी टिपून तो त्याच्या मागे धावतो. लांब पाय, खोल छाती आणि सडपातळ अंग ही सारी त्या धावण्याचीच तयारी होय. म्हणून त्याच्या बरगड्या दिसतात या काळजीने त्याला ठासून खाऊ घालणे जितके चुकीचे, तितकेच मांजर दिसताच उसळणाऱ्या पिल्लाला हट्टी ठरवून मारणेही चुकीचे आहे.

पिल्लू सुमारे आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये, कारण किती जोराने चावल्यास भावंड दुखावते हे ते त्याच काळात शिकते. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी १९६५ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या अभ्यासानुसार साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ हा सामाजिकीकरणाचा, म्हणजे माणसे, आवाज आणि परक्या वस्तू यांना न भिता स्वीकारण्याचा, असतो. अडचण अशी की पार्व्हो आणि डिस्टेंपर या प्राणघातक विषाणुजन्य रोगांवरील लसींचे डोसही याच सुमारास सुरू होतात आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. त्यामुळे भीतीपोटी पिल्लाला घरात कोंडणारे लोक त्याला रोगापासून वाचवतात, पण पुढे जन्मभर बुजरे आणि म्हणूनच चावरे करून ठेवतात. याला मार्ग आहे. लसीकरण पूर्ण होईपर्यंत भटक्या कुत्र्यांच्या वावराच्या जमिनीवर पिल्लाला सोडू नये, मात्र रोज कडेवर घेऊन यंत्रमागांचा खडखडाट, रिक्षांचे भोंगे आणि बाजारातील गर्दी यांची थोडी थोडी, लांबून ओळख करून द्यावी.

शिकवणीचे मर्म वेळेत आहे. पिल्लाने योग्य कृती करताच एकदोन सेकंदांत खाऊ किंवा शाबासकी मिळाली तरच त्याला त्या दोहोंचा संबंध कळतो; उशिरा परतलेल्या पिल्लाला रागावल्यास परत येणे वाईट, एवढेच ते शिकते. घरात एकाने ‘ये’, दुसऱ्याने ‘इकडे’ आणि तिसऱ्याने शिट्टी वापरली, तर दोष पिल्लाचा राहत नाही. कारवान्यासाठी तर हाकेला परतणे हा सर्वांत मोलाचा धडा आहे, आणि तो पक्का झाला असे वाटले तरी उघड्या माळावर त्याचा दोर सोडू नये, कारण पळते जनावर दिसल्यावर त्याला हाक ऐकू येईलच याची खात्री नसते. शिवाय नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात काळवीट चरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे, आणि कायदा नसता तरी त्यांच्या मागे कुत्रा सोडणे गैरच ठरले असते.

सोलापूरचा उन्हाळा ही स्वतंत्र परीक्षा आहे. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गादीत असल्याने त्याचे शरीर थंड होते ते धापा टाकून, आणि तापल्या हवेत तो उपाय अपुरा पडतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये फिरणे पहाटे आणि रात्री उशिराच असावे. डांबरावर हाताची पालथी बाजू काही सेकंद टेकवून ठेवता येत नसेल, तर पिल्लाला तेथे नेऊ नये. ज्वारीची भाकरी दूध किंवा अंड्यासोबत थोडी चालते, परंतु तिच्याबरोबरची शेंगाचटणी मुळीच नको, कारण तिच्यातील लसूण, तसाच कांदाही, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. द्राक्षे आणि मनुकाही मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात.

रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या सुमारास द्यावी आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे ती नियमित देत राहावी. परका कुत्रा कोणाला चावल्यास किंवा त्याने ओरखडल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे; हळद-चुना लावून वेळ घालवू नये.

कारवानी दहा वर्षांहून अधिक जगू शकतो आणि त्याला रोज धावणे लागते. तेवढी जागा व सवड ज्या घरात नाही, त्या घराने गल्लीतील एखादे गावठी पिल्लू प्रेमाने सांभाळावे; कारवानी आणू नये.