विमा बदलला, दवाखान्याला कळविले का?

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील सर्वसामान्य कुटुंबाच्या हाती आरोग्यविम्याचे कार्ड आले ते बरेच उशिरा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ साली सुरू झाली. गोव्यात किमान पाच वर्षे वास्तव्य असलेल्या कुटुंबांसाठी ती होती. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबास वर्षाला २.५ लाख रुपये आणि त्याहून मोठ्या कुटुंबास ४ लाख रुपये अशी संरक्षणाची मर्यादा तिने आखून दिली. कार्ड मिळाले म्हणजे चिंता मिटली, अशी समजूत त्यामुळे रुजली. परंतु विमा ही घराच्या कौलांसारखी वस्तू आहे. एकदा घातली तरी दर पावसाळ्यापूर्वी वर चढून पाहावे लागते.

आपल्या भागात हे संरक्षण किती कारणांनी बदलते ते पाहण्यासारखे आहे. डिचोलीत सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, काही काळाने सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा थांबल्या. पुढे लिलाव होऊन काही पट्ट्यांत काम परतले. कंपनीची सामूहिक पॉलिसी नोकरीबरोबर येते आणि नोकरीबरोबरच जाते. पगार थांबल्याचे घरात सर्वांना कळते. विमा थांबल्याचे मात्र कोणी आजारी पडेपर्यंत कळत नाही. पेडण्यात जानेवारी २०२३ पासून मोपा विमानतळावरून वाहतूक सुरू झाली. अशा ठिकाणी कंत्राटदाराकडे रुजू होणारा तरुण कर्मचारी राज्य विमा योजनेत जाऊ शकतो. तिची वेतनमर्यादा २०१७ पासून २१,००० रुपये आहे. पगार त्यापुढे गेला की चालू वर्गणीकाळ संपल्यावर तो त्या योजनेबाहेर पडतो. म्हणजे पगारवाढीचे पेढे वाटले जातात त्याच सुमारास आईच्या औषधांची सोय संपत आलेली असते.

सीमेपलीकडील सोयरिकीचा प्रश्न आणखी निराळा. दोडामार्ग किंवा सावंतवाडीची मुलगी डिचोलीत सून म्हणून येते. माहेरच्या शिधापत्रिकेवर तिला महाराष्ट्राच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा आधार असतो. नाव तेथून कमी झाले की तो सुटतो, आणि गोव्यात वास्तव्याची अट पुढे उभी राहते. पहिल्या बाळंतपणाचे महिने नेमके याच मधल्या काळात येतात. अशा सुनेची नोंदणी करतानाच प्रसूतितज्ज्ञाच्या दवाखान्यात ही स्थिती सांगितली, तर कोठे प्रसूती करावयाची आणि कोणते कागद आधी जमवायचे याचा विचार पाचव्या महिन्यात होऊ शकतो. कळा सुरू झाल्यावर तो होत नाही.

रुग्णालयाच्या दृष्टीने ही माहिती इतकी महत्त्वाची का, हे वाचकांनी समजून घ्यावे. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णालय विमा कंपनीकडून पूर्वमंजुरी घेते. जुन्या कंपनीची मंजुरी नव्या कंपनीला बांधील नसते. शिवाय ज्या रुग्णालयात जुने कार्ड चालत होते ते नव्या कंपनीच्या यादीत असेलच असे नाही. मे २०२४ मधील विमा नियामकाच्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेस विनंतीवर कंपनीने तासाभरात आणि घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावयाचा आहे. पण हा तास मोजला जातो तो विनंती योग्य कंपनीकडे पोहोचल्यावर. बंद पडलेल्या पॉलिसीचा क्रमांक टाकून पाठविलेल्या विनंतीचे घड्याळ चालतच नाही.

याहून नाजूक गोष्ट केसपेपरची. मधुमेह किंवा रक्तदाब किती वर्षांचा, हे डॉक्टर रुग्णाच्या सांगण्यावरून एका ओळीत लिहितात. नव्या पॉलिसीच्या दाव्यात तीच ओळ पुरावा ठरते. प्रस्तावपत्रात 'आजार नाही' असे लिहिलेले आणि केसपेपरवर 'आठ वर्षांपासून मधुमेह' असे आढळले, तर दावा अडतो. मग "डॉक्टर, नवाच आहे असे लिहा" अशी विनवणी होते. ती मान्य करणे कोणत्याही डॉक्टरला शक्य नाही, आणि तसा आग्रह धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. खरा उपाय आधीचा आहे. पॉलिसी बदलताना आजार प्रामाणिकपणे लिहावा आणि ती खंड न पडू देता दुसऱ्या कंपनीत न्यावी. तसे केल्यास, जुन्या विमारकमेपुरते तरी, आधी भोगलेला प्रतीक्षाकाळ हिशेबात धरला जातो. ही सोय २०११ पासून आहे. पूर्वीच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला गेला आहे. नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी हालचाल करावी. नोकरी सुटत असेल तर सामूहिक पॉलिसीतून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हे राजीनाम्यापूर्वीच विचारावे.

वयाची सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ५ लाखांचे संरक्षण उघडले आहे. खाजगी विमा असला तरी ते घेता येते. केंद्र सरकारी निवृत्त आणि माजी सैनिक यांना मात्र आपली जुनी योजना किंवा ही, यांपैकी एकच निवडावयाची आहे. निवड केली की ती आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगावी. पुढे कोणत्या रुग्णालयाकडे पाठवायचे, हे त्यावर ठरते.

आम्हा व्यावसायिकांकडेही काम आहे. पत्ता आणि फोन क्रमांक विचारणारी आमची स्वागतिका 'गेल्या खेपेनंतर विमा बदलला का?' हा प्रश्न क्वचितच विचारते. डायलिसिस, केमोथेरपी, हृदयरोग अशा दीर्घ उपचारांच्या रुग्णांना तो प्रत्येक खेपेस विचारला जावा. रुग्णाने नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांत देण्याचे बंधन २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहेच. नवा विमा काढणाऱ्यास जुन्या नोंदींची प्रत तत्परतेने मिळाली, तर प्रस्तावपत्र बिनचूक भरले जाते. प्रयोगशाळा व औषधालय यांनाही बदल कळवावा, कारण त्यांच्या देयकावर जुन्या योजनेचे नाव राहिल्यास परताव्याचा अर्ज परत येतो. नव्या कार्डाची छायाप्रत, ते कोणत्या तारखेपासून लागू झाले याची नोंद आणि कंपनीचा दूरध्वनी क्रमांक एका पाकिटात घालून ते फाईलच्या पहिल्या पानाला टाचून ठेवावे. मध्यरात्री म्हापशाला धावपळ करणाऱ्या शेजाऱ्यालाही ते सापडले पाहिजे.