लिंबाचा फसफसता सोडा : मात्रा आणि युक्ती

प्रश्न : घरी लिंबूसोडा करते, पण फेस लगेच विरतो व चव खारट, साबणासारखी लागते. उपाय सांगावा.
— एक वाचक, उमरी (जि. नांदेड)

उत्तर : आपल्या तक्रारीचे मूळ खाण्याच्या सोड्याच्या अतिरिक्त मात्रेत आहे, कारण दोन कागदी लिंबांच्या सुमारे 30 मिलिलिटर रसात जेमतेम दीड-दोन ग्रॅम सायट्रिक आम्ल असते, आणि चहाचा अर्धा चमचा सोडा ते बहुतांशी खाऊन टाकीत असल्याने आंबटपणा लोपून मागे क्षार तेवढा उरतो. म्हणून रस, साखर व किंचित सैंधव बर्फगार पाण्यात आधी पूर्ण विरघळवावे, कारण कर्बद्विप्राणिल वायू थंड पाण्यातच अधिक सामावतो, आणि आपल्याकडील वैशाखात माठाचे पाणीही त्या कामी अपुरेच पडते. मग पेला हाती घेतल्यावर चिमूटभर सोडा टाकून एकदाच हलके ढवळावे व फेस वर येताच प्यावे.

गोटीच्या सोड्याचा जोर मात्र यात येणार नाही. हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाने 1872 च्या सुमारास सिद्ध केलेल्या त्या जाड काचेच्या बाटलीत वायू यंत्राने दाबून भरतात, आणि त्या दाबानेच गोटी गळ्यातील रबरी कड्याला घट्ट बसते. घरच्या साध्या बाटलीत सोडा घालून बूच ठोकण्यास सक्त मनाई समजावी. काच फुटून डोळ्यास इजा होईल. रक्तदाबाच्या रुग्णांस साधे, बिनमिठाचे लिंबूपाणीच द्यावे.