आधी पाणी तपासा, मग गोळी

सिरॉसिस म्हटलं की लोक पहिलं विचारतात, ‘घेत होते का?’ बाबांनी दारूला कधी हात लावला नाही. मधुमेह आणि फॅटी लिव्हरनं हे ओढवलं. आमच्या डॉक्टरांना मात्र ते कधीच पटलं नाही, आणि बोलणंही त्याच सुरात.

जलोदराच्या, म्हणजे पोटात साठलेल्या पाण्यात एकदा संसर्ग होऊन गेल्यानं बाबांना रोज नॉरफ्लॉक्सॅसिन सुरू होतं. तरी पोट दुखू लागलं, कणकण आली, ते असंबद्ध बोलू लागले. डॉक्टरांनी पोटाला हातही न लावता सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिहून दिलं, सोबत ॲसिडिटीचं पातळ औषध. ‘पाणी काढून तपासायचं का?’ असं विचारलं, तर म्हणे, ‘गोळी पाण्यात उतरते. गूगल वाचून मला शिकवू नका.’

मोठ्या हॉस्पिटलात पाण्याचा रिपोर्ट आला आणि माझा प्रश्न किती रास्त होता ते कळलं. पांढऱ्या पेशी भरमसाट. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी न चिडता समजावलं: सिप्रोफ्लॉक्सॅसिन रक्तातून पाण्यात उतरतं, हे खरं. पण रोज त्याच जातीची गोळी चालू असताना जे जंतू वाढले, ते तिला दाद देतीलच कशाला? त्यात ॲसिडिटीच्या औषधातलं ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम गोळीला आतड्यातच अडकवतं. रक्तातच पुरेशी गेली नाही, तर पाण्यात येणार कुठून? मग शिरेतून दुसरं ॲन्टिबायोटिक आणि ॲल्ब्युमिन दिलं. बाबा वाचले, किडनीला बसलेला फटका अजून निस्तरतोय.

म्हणून सांगते. जलोदराच्या रुग्णाला ताप, पोटदुखी, बरळणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी पाणी काढायला लावा, तेही ॲन्टिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी. ताप नसला म्हणून निर्धास्त राहू नका. घन मिलिमीटरला 250 किंवा जास्त न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) निघाले, तर कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीच्या रिपोर्टसाठी न थांबता उपचार सुरू करतात. कल्चरचं पाणी खाटेपाशीच कल्चरच्या बाटलीत भरलं जातंय ना, ते बघा. रोजची गोळी कोणती, हे प्रत्येक डॉक्टरला स्वतःहून सांगा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनानं देऊ नका. फाइल नीट ठेवा, धीर सोडू नका, वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे.

आणि पाणी तपासा म्हटल्यावर जो डॉक्टर खेकसतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.