हातचं राखून पळ

बाळा, श्रावण सरत आला की तुमच्या ग्रुपवर दुसरा विषयच नसतो. सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, पुढे दसरा-दिवाळीच्या धामधुमीतले लाँग रन, आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारची पुण्याची मॅरेथॉन, जी १९८३ पासून चालत आली आहे. पहाटे अंधारात तुम्ही दापोडी स्टेशनबाहेर जमता. कंपनीच्या बसची वाट बघणारी माणसं तुमच्याकडे बघत असतात, आणि वर्षभरात त्यांच्यातलाच एखादा बूट बांधून तुमच्यात येतो. हे मला फार आवडतं, म्हणून कानात चार गोष्टी घालतो. पळायचं कसं हे तुमचा कोच सांगेल. मी सांगतोय ते त्याच्या आजूबाजूचं. सगळ्यातून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, की हातचं राखून पळायचं.

१. रजा आधी टाक — शर्यत रविवारची आणि आपल्या भागातल्या बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारची. महिनाभर आधी सांगितलं तर सुपरवायझर शिफ्ट बदलून देतो, शनिवारी सांगितलं तर तोंड फिरवतो.

२. नाईट करून आल्यावर लाँग रन नको — झोपेला आलेल्या पायाला खड्डा उशिरा दिसतो. आधी पोटभर झोप, मग संध्याकाळी थोडं हळूच पळून ये आणि तेवढ्यावर भागव.

३. लाँग रन दर आठवड्याला एक-दोन किलोमीटरनेच वाढव आणि चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी कर — दम घोड्यावरून येतो, गुडघा पायी येतो. छाती तयार झाली म्हणून हाडं आणि शिरा तयार झाल्या असं नसतं.

४. आठवड्यातले बहुतेक दिवस बोलता येईल इतक्याच वेगाने पळ — एक पूर्ण वाक्य न धापता बोलता आलं नाही तर वेग जास्त आहे, मग घड्याळ काहीही म्हणो.

५. हॅरिस पुलावर आणि हायवेच्या कडेला एकामागे एक पळा, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून — गप्पा मारत चौघे शेजारी-शेजारी धावलात तर बाहेरचा चौथा बसच्या वाटेत असतो. अंगावर चमकणारी पट्टी हवी, काळा टी-शर्ट अंधारात ड्रायव्हरला दिसत नाही.

६. इअरफोन घालायचाच असेल तर एकाच कानात — दुसरा कान हॉर्नसाठी.

७. कुत्री अंगावर आली तर पळणं थांबव, चालत राहा, नजर देऊ नको — पळणाऱ्यामागे लागणं हा त्यांचा स्वभाव आहे, चालणाऱ्याचा त्यांना लवकर कंटाळा येतो.

८. चढाचा सराव उड्डाणपुलावर करू नको — नाशिक फाट्याच्या पुलावर पहाटे ट्रक मोकळे सुटलेले असतात. आपली दापोडी मुळा-पवनेच्या संगमावरची, सपाट. चढ हवा असेल तर लोकल धरून बेगडेवाडीला उतर आणि घोरावडेश्वरचा डोंगर चढ, नाहीतर वेताळ टेकडी गाठ.

९. चाळिशी ओलांडली असेल, घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल, तर शर्यतीला नाव देण्याआधी डॉक्टरकडे जाऊन ये — छातीची तपासणी एका सकाळीत होते. हे ग्रुपमधल्या मोठ्यांना तूच सांग, माझं ते ऐकत नाहीत.

१०. बूट महागडे नकोत, सवयीचे हवेत. शर्यतीच्या बुटात आधी दोन-तीन लाँग रन झालेले असू दे — नवा बूट ओळख करून घेतो ती टाचेचं कातडं सोलूनच. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावताना दोराबजी टाटांनी पाहिली, आणि पुढच्याच वर्षी आपले धावपटू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. त्यांतले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. पाय तयार असला की बाकीचं मागून येतं, हे त्या पोरांकडे बघून कळतं. तू मात्र अनवाणी निघू नको, आपल्या रस्त्यावर काचा असतात.

११. नखं शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी काप, आदल्या रात्री नको — ताजं कापलेलं नख उतारावर बोटात रुततं.

१२. काखेत, मांड्यांना, जिथे जिथे शिवण घासते तिथे व्हॅसलीन चोपड — घामाने मीठ सुटलं की साधी शिवण कातडी काचते. पुरुषांनी छातीवर दोन चिकटपट्ट्या लावाव्यात, लाजू नये.

आता सणांचं. आपली शर्यत आणि आपले सण एकमेकांच्या पायात येतात, त्याला इलाज नाही.

१३. नवरात्रात उपास असेल तर त्या दिवसांत छोटंच पळ — ऑक्टोबरचं ऊन आणि रिकामं पोट एकत्र आलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. उपास मोडू नको आणि शरीरही मोडू नको, तारीख हलव.

१४. दिवाळीच्या पहाटे फटाक्यांचा धूर खाली बसलेला असतो, तेव्हा लाँग रन ठेवू नको — पळताना श्वास खोल जातो, धूरही तितकाच खोल जातो.

१५. फराळ खा, आईने केलेल्या चकलीला नाही म्हणू नको. फक्त शर्यतीच्या आधीचे दोन दिवस तळलेलं बंद ठेव — पोट जड असलं तर पायाचं काही चालत नाही.

१६. आदल्या रात्री भात, वरण, बटाट्याची भाजी, आणि तेही आठच्या आत — साताऱ्यात तांबडा रस्सा समोर येईल, त्याला म्हणावं उद्या दुपारी भेटू.

१७. पहाटे तेच खा जे लाँग रनच्या दिवशी खातेस किंवा खातोस, केळं तर केळं, पोळी-गूळ तर पोळी-गूळ — अनोळखी खाणं पोटात गेलं की ते वाटेत कधी हिशेब मागेल सांगता येत नाही.

१८. साताऱ्याला आदल्या दिवशी दुपारीच पोच — खंबाटकी घाटात एक ट्रक बंद पडला की तासभर तरी जातो, आणि बिब वाटप कुणासाठी थांबत नाही. ओळखपत्र आठवणीने घे.

१९. बिबच्या मागे घरच्याचा फोन नंबर, रक्तगट आणि काही औषध चालू असेल तर त्याचं नाव पेनाने लिही — बेशुद्ध माणूस स्वतःबद्दल काही सांगू शकत नाही.

२०. आणि ऐनवेळी जायला जमलं नाही म्हणून आपला बिब मित्राला देऊ नको. तुला वाटेल नोंदणीचे पैसे वाया जाऊ नयेत, मदतच केली. पण तो मित्र घाटात कोसळला तर डॉक्टरच्या हातात तुझं वय, तुझा रक्तगट येतो आणि फोन तुझ्या घरी जातो. पैसे बुडू दे.

२१. सगळं सामान रात्रीच एका खुर्चीवर मांड — बिब, चार पिना, मोजे, टोपी, मिठाची पुडी, परतीचा कोरडा टी-शर्ट. रात्री लावलेली पिन पहाटे बोटाला टोचत नाही.

२२. झोप लागली नाही तर घाबरू नको, डोळे मिटून पडून राहा — शर्यतीच्या आदल्या रात्री कुणालाच नीट झोप लागत नाही. कामाला येते ती त्याच्या आदल्या रात्रीची झोप, ती सांभाळ.

आता घाटाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तुम्ही पोरं तिथेच घाई करता. साताऱ्याची शर्यत गावातून निघते, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागते आणि त्याच वाटेने खाली येते. जाताना चढ, येताना उतार, मिळून एकवीस किलोमीटर. २०१२ पासून ती भरते. डोंगरातल्या एका शर्यतीत सगळ्यात जास्त माणसं धावल्याचा गिनीज विक्रम २०१५ साली इथेच झाला. एवढ्या गर्दीत सुरुवातीला वाट मिळत नाही, मग पोरं नागमोडी पळत माणसं ओलांडत सुटतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सातारकर टाळ्या वाजवत उभे असतात, अंगात वारं संचारतं, आणि घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत अर्धा दम गेलेला असतो. खरं अंतर तिथून सुरू होतं. पुढे धुकं असतं, कधी भुरभुर पाऊस, रस्ता ओला, आणि वळणामागे आणखी एक वळण. म्हणून:

२३. पहिले तीन किलोमीटर लोक ओलांडून जाऊ दे — पहिला किलोमीटर उसना असतो, शेवटचा रोखीने भरावा लागतो. आत्ता पुढे गेलेले निम्मे तुला वरच्या वळणावर चालताना भेटतील. त्यांना पाणी विचार.

२४. चढ श्वासाने मोज, उतार गुडघ्याने मोज. चढावर पावलं आखूड टाक, नजर पुढच्या दहा-पंधरा पावलांवर ठेव, आणि धाप फारच लागली तर सरळ चाल — चालणं म्हणजे हरणं हे कुणी सांगितलं? दोन मिनिटं चालून पुन्हा पळणारा माणूस रडत-खडत पळणाऱ्याच्या पुढे जातो.

२५. उतारावर स्वतःला सोडून देऊ नको, पण टाचेने ब्रेकही लावत बसू नको — दोन्हीचा मार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर येतो. छोटी, भरभर पावलं टाक. ओल्या रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्यांवर पाय देऊ नको, त्या निसरड्या असतात.

२६. पाणी प्रत्येक टेबलावर घोटभर घे, पण नुसतं पाणी ढोसू नको — घामातून मीठ गेलेलं असतं, वरून साधं पाणी भरत राहिलं की रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं आणि उलटी, भोवळ सुरू होते. ओआरएस घे. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, यापेक्षा जास्त नाही.

२७. पोटरीत गोळा आला तर कडेला हो, पाय सरळ कर, पायाची बोटं आपल्याकडे ओढ आणि सावकाश तीसपर्यंत मोज — गोळ्याला दाबून चोळलं तर तो आणखी चिडतो.

२८. दुखू नये म्हणून पळायच्या आधी पेनकिलर घेऊ नको — अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती गोळी किडनीवर येते, आणि दुखणं तुला जे सांगत असतं तेही ऐकू येत नाही.

२९. छातीत दाब, हाताला कळ, थंड घाम, किंवा पाऊल सरळ पडेनासं झालं तर तिथल्या तिथे थांब आणि स्वयंसेवकाला हाक मार — शेवट पाचशे मीटरवर असला तरी. घाट पुढच्या वर्षी तिथेच असतो.

३०. दुसरा कुणी बसलेला दिसला तर तू थांब. त्याला नाव विचार — नाव सांगता आलं नाही तर त्याला एकटं सोडायचं नाही, मदत येईपर्यंत तिथेच राहायचं. तुझा टायमिंग गेला तर जाऊ दे, तो डिसेंबरात पुण्याला पुन्हा मिळेल.

३१. शेवटची रेघ ओलांडल्यावर लगेच बसू नको, दहा मिनिटं चालत राहा — पायातलं रक्त पायातच साचलं की चक्कर येते. मग ओले कपडे बदल, दही-भात नाहीतर केळं खा, आणि मग खुशाल कंदी पेढे घ्यायला जा.

३२. परतीची गाडी चालवायला न पळलेला माणूस सोबत ने — थकलेल्या पायाला ब्रेक उशिरा सापडतो.

३३. साताऱ्यानंतर निदान पाच दिवस विश्रांती, मग हळूहळू पुण्याची तयारी. दरवर्षी अंतर वाढवायलाच हवं असं नाही — माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिली आली, २०१४ च्या जानेवारीत तिसऱ्यांदा. त्यानंतर तिने अंतर वाढवलं नाही, उलट तीन हजार मीटरच्या स्टीपलचेसमध्ये उतरली आणि २०१६ ला रिओच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून दहावी आली. तुला एकवीस जमत असेल आणि आवडत असेल तर पाच वर्षं एकवीसच पळ. बेचाळीसवाल्यांचं ऐकून नाव देऊ नको.

३४. नख काळं पडलं तर उपटू नको, ते आपलं आपण सुटतं — खालचं नवं येईपर्यंत वरचं जुनं त्याला सांभाळत असतं.

३५. आणि ओले बूट गॅलरीतल्या उन्हात तापवू नको — तळव्याचा गोंद सुटतो. आतली गादी काढून वेगळी वाळव, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंब, रात्री ते बदल. दोन दिवसांत बूट कोरडे होतात.